गर्दीच्या भागात गाडी नेण्यासाठी वेगळे पैसे घेतले तर कोंडी आणि प्रदूषण खरंच कमी होतं का?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. पेट्रोलवर कर भरतो, गाडी घेताना रोड टॅक्स भरतो, वर टोलही भरतो, मग शहरात शिरायचे आणखी पैसे कशाचे? लंडनमध्ये वीस वर्षांहून जास्त काळ असं शुल्क आहे, तरी तिथली कोंडी संपलेली नाही, ती का? आणि हवामानबदलाचं नाव घेऊन ही नवी वसुली तर नाही ना?

आधी थोडक्यात सांगतो. दर वेळेनुसार ठेवले आणि सवलतींची खिरापत वाटली नाही, तर कोंडी कमी होते. हे सिंगापूर आणि स्टॉकहोममध्ये मोजून झालेलं आहे. कार्बनवरचा परिणाम खरा आहे, पण बेताचा. वसुलीचा संशय मात्र अगदी रास्त आहे. तो नुसत्या आश्वासनांनी फिटत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीतला पुण्याचा सकाळचा रस्ता आठवून पाहा. शाळा बंद असतात, काही लोक गावी गेलेले असतात. निम्म्या गाड्या काही गायब होत नाहीत, तरी एरवी पाऊण तास खाणारा प्रवास पटकन उरकतो. याचं कारण कोंडीच्या गणितात आहे. मोकळ्या महामार्गावर एका लेनमधून तासाला साधारण 1,800 ते 2,000 गाड्या जातात. सिग्नलच्या शहरी रस्त्यावर त्याहून बऱ्याच कमी जातात. या मर्यादेच्या अलीकडे शंभर गाड्या वाढल्या तरी फारसं जाणवत नाही. मर्यादेपाशी पोचल्यावर तेवढ्याच गाड्या सगळी रांग अडवतात आणि मग रस्त्यातून आधीपेक्षाही कमी गाड्या पार होतात. म्हणजे सगळ्यांना गाडी घरी ठेवायला लावायची गरजच नसते. ऐन गर्दीच्या तासातून पाच-सहा गाड्यांमागे एक हलली तरी पुरतं. ती एक गाडी कोणाची असावी, हे शुल्कामुळे ठरतं: ज्याला अर्धा तास आधी निघणं जमतं, दोन कामं एका फेरीत उरकता येतात किंवा बस परवडते, तो आपणहून हलतो.

सिंगापूरने हे 1975 च्या जूनमध्ये सुरू केलं, तेही कागदावर. दिवसाचा 3 सिंगापूर डॉलरचा परवाना काचेला चिकटवायचा आणि प्रवेशाच्या कमानीखाली उभा असलेला माणूस तो नजरेने तपासायचा. सुरुवातीला वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ अशी होती. झालं काय, तर साडेनऊ वाजून गेल्यावर गाड्यांचा लोंढा येऊ लागला, म्हणून काही आठवड्यांतच वेळ सव्वादहापर्यंत वाढवावी लागली. 1998 मध्ये कमानीवर यंत्रं आली. गाडीतल्या छोट्या यंत्रात कार्ड घालून ठेवायचं, कमानीखालून गेलं की पैसे वळते होतात. दर अर्ध्या तासाने बदलायचा. तेव्हा असं लक्षात आलं की दर चढायच्या आत पोचायला काही जण गाडी पळवतात आणि दर उतरायची वाट बघत काही जण कमानीच्या अलीकडे रेंगाळतात. म्हणून 2003 पासून दोन दरांच्या मध्ये पाच मिनिटांची पायरी ठेवली, म्हणजे दर एकदम उडी न मारता टप्प्याने बदलतो.

सिंगापूरची खरी शिकण्यासारखी गोष्ट मात्र दर ठरवायची पद्धत आहे. मुख्य शहरी रस्त्यांवर ताशी 20 ते 30 किलोमीटर आणि द्रुतगती मार्गांवर 45 ते 65 किलोमीटर वेग राहावा, असं लक्ष्य ठेवलेलं असतं. दर काही महिन्यांनी वेग मोजतात. वेग लक्ष्याखाली गेला तर त्या कमानीचा त्या वेळेचा दर वाढतो, वर गेला तर उतरतो. म्हणजे दर तिजोरीकडे बघून ठरत नाही, वेग बघून ठरतो. शुल्क कमी होऊ शकतं हे लोकांना दिसतं, आणि वसुलीचा संशय फिटायची सुरुवात तिथूनच होते.

आता लंडन. 17 फेब्रुवारी 2003 ला तिथे 5 पौंडांपासून सुरुवात झाली. नाका नाही, फाटक नाही. रस्त्यावर आणि फलकावर लाल वर्तुळात पांढरा ‘सी’ असतो आणि कॅमेरे नंबर प्लेट वाचतात. पैसे भरायचं लक्षात ठेवणं चालकाचं काम, विसरलात तर दंडाची नोटीस घरी येते. पहिल्या वर्षी क्षेत्रात येणाऱ्या गाड्या सुमारे 18 टक्क्यांनी आणि रस्त्यावरचा खोळंबा सुमारे 30 टक्क्यांनी घटला. पण 2008 च्या सुमारास खोळंबा पुन्हा जुन्या पातळीला आला. विरोधक बोट ठेवतात ते याच आकड्यावर. तेव्हाही आत येणाऱ्या गाड्या शुल्काआधीच्या तुलनेत कमीच होत्या. बदललं होतं ते रस्त्याचं रूप. जमिनीखालच्या जुन्या जलवाहिन्या बदलण्यासाठी जागोजागी खोदकाम चालू होतं, आणि रस्त्याचा काही भाग बस आणि पादचाऱ्यांना दिला होता. पुढे ॲपवरच्या भाड्याच्या गाड्या वाढत गेल्या आणि त्यांना 2019 च्या एप्रिलपर्यंत शुल्कच नव्हतं. दिवसभर त्याच भागात फिरणाऱ्या गाडीला माफी द्यायची आणि एकदा येऊन पार्क होणाऱ्या गाडीकडून पैसे घ्यायचे, ही चूक लंडनला महाग पडली.

दुसरी उणीव रचनेतच आहे. लंडनचा दर दिवसाचा एकच असतो. सकाळी साडेआठला आलात काय किंवा दुपारी दोनला आलात काय, तेवढेच पैसे. आणि एकदा भरले की दिवसभर हवं तेवढं फिरा. त्यामुळे गर्दीची वेळ टाळण्यात चालकाचा काहीच फायदा राहत नाही. 2026 च्या जानेवारीपासून हा दर 18 पौंड आहे, पण आकडा वाढवून ही उणीव भरून निघत नाही.

तुमच्यासारखे प्रश्न विचारणाऱ्यांनी स्टॉकहोमचा अनुभव सर्वांत लक्षपूर्वक वाचावा असं मला वाटतं. तिथे 3 जानेवारी 2006 पासून सात महिने नुसता प्रयोग केला. शहराच्या वेशीवर 18 ठिकाणी नोंद व्हायची, वेळेप्रमाणे 10, 15 किंवा 20 क्रोनर (स्वीडनचं चलन) लागायचे आणि दिवसाला जास्तीत जास्त 60. वेस ओलांडणाऱ्या गाड्या वीसेक टक्क्यांनी कमी झाल्या. जुलैअखेर प्रयोग थांबला आणि गाड्या पुन्हा वाढल्या, म्हणजे कारण शुल्कच होतं हे सगळ्यांना दिसलं. मग सप्टेंबरात लोकांचा कौल घेतला आणि शहराने निसटत्या बहुमताने होकार दिला. ऑगस्ट 2007 पासून शुल्क कायम झालं. याउलट एडिनबराने 2005 मध्ये आणि मँचेस्टरने 2008 मध्ये काहीच न दाखवता आधी मत विचारलं, तर दोन्हीकडे तीन चतुर्थांशाच्या आसपास लोकांनी नकार दिला. कोंडी कमी झालेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे द्यायला कोण तयार होईल?

स्टॉकहोमच्या दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. शुल्काच्या काही महिने आधी, ऑगस्ट 2005 मध्ये, जवळपास 200 नव्या बस रस्त्यावर आणल्या होत्या. नुसत्या बस आल्यावर गाड्या म्हणाव्या तशा कमी झाल्या नाहीत, त्या कमी झाल्या शुल्क लागल्यावर. पण बस आधीच नसत्या तर गाडी सोडणाऱ्यांना जायला जागाच नव्हती. दुसरी गोष्ट कौलाबद्दलची. आसपासच्या ज्या नगरपालिकांनी मतदान घेतलं त्यांपैकी बहुतेकांनी नकार दिला. शांतता मिळते वेशीच्या आत राहणाऱ्यांना आणि पैसे जातात बाहेरून येणाऱ्यांचे. मुंबईत असं काही आणायचं म्हटलं तर ठाणे, कल्याण, वसई-विरारच्या लोकांची हीच तक्रार असेल, आणि ती खरी असेल.

आता हवामानाकडे येतो. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. समजा तुमचं जाऊन-येऊन 40 किलोमीटर होतं. मोकळ्या रस्त्यावर गाडी लिटरला 15 किलोमीटर देते आणि कोंडीत 10. म्हणजे 2.7 लिटरच्या जागी 4 लिटर जळतं. फरक सव्वा लिटरहून थोडा जास्त, साधारण 3 किलो कार्बन डायऑक्साइड, तोही दररोज. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पुढे सरकणं आणि थांबणं हे गाडीला सर्वांत खादाड काम आहे. त्यामुळे कोंडी फुटली की उत्सर्जन घटतंच. पण क्षेत्र लहान असतं. स्टॉकहोमच्या मध्यभागात वाहतुकीचं उत्सर्जन सुमारे 14 टक्क्यांनी घटलं, संपूर्ण महानगर प्रदेशाचा हिशेब केला तर 2 ते 3 टक्केच. शिवाय मोकळा रस्ता दिसला की काही नवीन गाड्या येतातच.

म्हणून माझं ठाम मत आहे की कोंडीचं शुल्क हवामानाच्या नावाने आणू नये. कार्बनवर आकारायची किंमत इंधनावर असावी, कारण लिटरमागे धूर ठरलेला आहे, मग ते मेळघाटात जळो की दादरला. कोंडीची किंमत मात्र जागेची आणि वेळेची असते. मेळघाटातल्या गाडीने कोणाला अडवलेलं नसतं, सकाळी साडेनऊला दादरला उभ्या असलेल्या गाडीने शेकडो लोकांना अडवलेलं असतं. दोघं लिटरला सारखाच कर भरतात. ‘आम्ही आधीच कर भरतो’ या मुद्द्याला माझं उत्तर हेच: भरता हे खरं, पण पेट्रोलच्या कराला घड्याळ कळत नाही. न्याय हवा असेल तर शहरी शुल्क लावताना इंधनावरचा किंवा नोंदणीवरचा काही भार उतरवावा, अशी मागणी वाहनचालकांनी करावी आणि ती लावून धरावी.

विजेच्या गाड्या आल्यावर हे दोन हिशेब आणखी वेगळे पडतात. विजेची गाडी धूर सोडत नाही, पण जागा तेवढीच अडवते. लंडनने तिला दिलेली पूर्ण माफी 2025 च्या डिसेंबरात संपवली ती त्यामुळेच. आणि इंधनकर न भरणाऱ्या गाड्या वाढल्या की रस्त्यांचा खर्च कुठून काढायचा, हा प्रश्न सगळीकडे येणार आहे. न्यूझीलंडने 2024 च्या एप्रिलपासून विजेच्या मोटारींना दर हजार किलोमीटरला 76 डॉलर लावले आहेत, अर्थात तिथले डॉलर.

मुंबईला प्रवेशाचे पैसे घेणं नवं नाही. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी अशा पाच नाक्यांवर ऑक्टोबर 2024 पर्यंत मोटारींना 45 रुपये लागत, मग हलक्या वाहनांना माफी मिळाली. त्या टोलकडे बोट दाखवून ‘पैसे घेऊनही कोंडी होतीच’ असं म्हटलं जातं. पण तो उड्डाणपुलांच्या खर्चाच्या वसुलीचा टोल होता. रात्री दोनला 45 आणि सकाळी साडेनऊलाही 45. शिवाय नाक्यावरच्या रांगेनेच कोंडी व्हायची. त्यावरून कोंडीच्या शुल्काबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. फास्टॅग मोटारींवर आहे, दुचाकींवर नाही, आणि पुण्यासारख्या शहरात दुचाकी वगळल्या तर अर्धी वाहतूक हिशेबाबाहेर राहते. सिंगापूरमध्ये मोटारसायकलला मोटारीच्या निम्मा आणि मोठ्या बसला दुप्पट दर असतो, म्हणजे व्यापलेल्या जागेप्रमाणे. तसं करायचं तर कॅमेऱ्याने प्लेट वाचावी लागेल. 4141 चे आकडे वळवून ‘दादा’ लिहिलेली प्लेट कॅमेऱ्याला वाचता येत नाही, म्हणून आधी उच्च सुरक्षा प्लेटची सक्ती पूर्ण व्हायला हवी. आणि ई-चलनं थकवणाऱ्यांकडून वसुली होत नसेल, तर शुल्क फक्त सरळ माणूस भरेल.

तुमच्या शहरात असा प्रस्ताव आला तर दराच्या आकड्याआधी मसुद्यातली चार पानं शोधा. तासागणिक दरांचा तक्ता आहे का. दर कोणत्या वेगाला बांधलेला आहे आणि तो किती महिन्यांनी तपासणार. माफी कोणाकोणाला आहे: रुग्णवाहिका, दिव्यांग आणि सार्वजनिक बस इथवर ठीक, पण सरकारी गाड्या आणि लोकप्रतिनिधी यादीत दिसले तर तिथेच हरकत नोंदवा. आणि शुल्क सुरू व्हायच्या तारखेआधी किती नव्या बस, कोणत्या मार्गावर, किती मिनिटांनी धावणार, हे आकड्यांत लिहिलंय का. मुंबईत मे 2025 मध्ये बेस्टचं किमान भाडं 5 वरून 10 रुपये झालं. बस अशी महाग आणि विरळ होत असताना मोटारीवर शुल्क लावलं, तर तो माणूस बसकडे वळणार नाही, शुल्क भरेल आणि चिडेल.