निरोपाच्या भेटीसाठी एक दिवस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. वृद्धाश्रमातील आजी-आजोबांशी मानवाकृती यंत्रमानवाने सहा आठवडे गप्पा माराव्यात आणि त्यामुळे त्यांचे एकटेपण कमी होते का ते तपासावे, ही कल्पना मोलाची आहे. यंत्राचा चेहरा, आवाज, मान वळवण्याचा वेग यांवर तू फार बारकाईने लिहिले आहेस. माणसाच्या मनात काय घडेल, यावर मात्र दोनच परिच्छेद आहेत. मला त्याविषयीच लिहायचे आहे.

यंत्राला जीव लावायला माणसाला मोठे निमित्त लागत नाही. जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ साली एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातून प्रसिद्ध केलेल्या ‘एलायझा’ या संवाद साधणाऱ्या संगणक प्रोग्रामला समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्नरूपाने परत करण्यापलीकडे फारसे काही येत नव्हते. तो तयार होताना त्यांच्या सेक्रेटरीने कित्येक महिने पाहिला होता. तरीही त्याच्याशी चार वाक्ये बोलून होताच तिने वायझेनबॉम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. तेव्हा ‘हे यंत्र आहे, असे आम्ही आधीच सांगू’ एवढ्यावर तू निर्धास्त राहू नकोस.

मानसशास्त्रज्ञ पीटर कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१२ मधील प्रयोग तू मुळातून वाचावास, अशी माझी इच्छा आहे. ९, १२ आणि १५ वर्षांची नव्वद मुले ‘रोबोव्ही’ या यंत्रमानवाशी सुमारे पाव तास बोलली, खेळली, मग प्रयोगकर्त्याने खेळ मध्येच थांबवून त्याला कपाटात ठेवायला घेतले, तेव्हा रोबोव्ही म्हणाला की हा अन्याय आहे, मला तिथे भीती वाटते. निम्म्याहून अधिक मुलांना त्याला असे कोंडणे गैर वाटले. मात्र त्याची खरेदी-विक्री करण्यात बहुतेकांना काही वावगे दिसले नाही. मित्र मानता येतो आणि विकताही येतो, असे नाते आपल्या ओळखीच्या नात्यांत कुठे बसते, याचा विचार तुला करावाच लागेल. खंडेनवमीला लेथ मशिनला हळदकुंकू वाहणारा कामगारही यंत्राविषयी कृतज्ञ असतो. पण लेथ ‘मला भीती वाटते’ असे म्हणत नाही. शिवाय ते वाक्य रोबोव्हीचेही नव्हते. त्याला दुसऱ्या खोलीतून माणसे चालवत होती.

आम्हीही एकदा असेच केले होते. एका वृद्धाश्रमात पडद्याआड बसलेला विद्यार्थी लॅपटॉपवरून आमच्या यंत्रमानवाची उत्तरे टाइप करत असे. एका आजींनी तिसऱ्या भेटीत त्याच्या खांद्यावर आपली शाल घातली आणि आम्ही तो बंद केला तेव्हा हळूच म्हणाल्या, “दमला असेल बिचारा.” आम्ही ते वाक्य आनंदाने टिपून घेतले. निधी संपला, यंत्र परत गेले आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी तिथे गेलो, तर आजींनी पहिला प्रश्न केला, “तो का येत नाही?” पडद्यामागच्या मुलाविषयी आम्ही त्यांना तेव्हाही सांगितले नाही. ही चूक माझी होती आणि तिची टोचणी अजून गेलेली नाही.

असे नाते किती टिकणार, हे बहुधा सुट्या भागांवर आणि कंपनीच्या निर्णयावर ठरते. सोनीने १९९९ मध्ये आणलेल्या ‘आयबो’ या यंत्रकुत्र्याचे उत्पादन २००६ मध्ये थांबले आणि २०१४ मध्ये कंपनीची दुरुस्तीसेवाही बंद झाली. त्यानंतर जपानच्या चिबा प्रांतातील कोफुकुजी मंदिरात बंद पडलेल्या आयबोंसाठी बौद्ध पद्धतीने अंत्यविधी होऊ लागले. त्या मालकांना वेडे म्हणू नये. त्यांना निदान निरोप घेण्याची जागा मिळाली. आमच्या आजींना ती मिळाली नाही.

म्हणून यंत्राच्या तोंडी ‘मला तुमची आठवण येईल’ हे वाक्य घालू नकोस. पडद्यामागे कोणी बसणार असेल, तर अखेरीस त्याला बाहेर आणून आजी-आजोबांशी त्याची ओळख करून दे. तुझ्या वेळापत्रकात सहावा आठवडा मोजमापांनी पुरता भरला आहे; त्यातून निरोपाच्या भेटीसाठी एक दिवस आणि महिन्याभराने यंत्राविना, नुसते भेटायला जाण्यासाठी एक दिवस काढ आणि सुधारित आराखडा माझ्याकडे पाठव.