पेप्टाइड एमएचसीला घट्ट बसलं की टी पेशी जागी होणारच का?

नाही. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, आणि एमएचसी म्हणजे तो पेशीच्या पृष्ठभागावर धरून रोगप्रतिकारक टी पेशींना दाखवणारा रेणू. बाइंडिंगचा आकडा चांगला म्हणजे पेप्टाइड चांगलं, हे मी पीएचडीत अडीच वर्षं ऐकलंय, त्यामुळे जरा तावातावानं लिहितोय.

एचएलए-ए२ (माणसातला एक एमएचसी) साठी माझ्याकडे दोन पेप्टाइड्स होती. दोन्ही नऊ अमिनो आम्लांची, दुसऱ्या जागी ल्युसिन, नवव्या जागी व्हॅलिन, म्हणजे दोन्ही अँकर (एमएचसीच्या खाचेत रुतणारी अमिनो आम्लं) जागच्या जागी. 'अ'चं आयसी५० (बाइंडिंगचा आकडा, जितका कमी तितकं चांगलं) झकास, 'ब'चं यथातथाच. गाइड म्हणाले, 'अ' घे आणि पुढे हो. घेतलं. टी पेशी ढिम्म. सहा महिने डोनर बदलले, सीरम बदललं, स्वतःच्या हाताला दोष दिला.

शेवटी वैतागून टी२ पेशी (ए२ असलेल्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या पेशी) काढल्या. त्यांच्यात टॅप (पेशीच्या आत पेप्टाइड्स एमएचसीपर्यंत पोचवणारा पंप) नसतो, म्हणून आतून पेप्टाइडचा पुरवठा जवळपास बंद. रात्रभर पेप्टाइडसोबत २६ अंशांवर ठेवल्या, सकाळी धुतल्या, नवे रेणू वर येऊ नयेत म्हणून ब्रेफेल्डिन घातलं आणि ३७ वर टाकून दर दोन तासांनी बीबी७.२ (शाबूत ए२ ओळखणारी अँटीबॉडी) नं रंगवून फ्लोवर (प्रत्येक पेशीची चमक मोजणारं यंत्र) घेतल्या. शून्य तासाला 'अ' वरचढ. चौथ्या तासाला 'अ'चं पीक घसरत पेप्टाइड नसलेल्या कंट्रोलवर जाऊन बसलेलं, आणि 'ब' आठव्या तासालाही जवळपास तिथंच! पेप्टाइड निसटलं की एमएचसीचा जोडीदार तुकडा बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन सुटतं, रेणू मोडतो. टी पेशी पोचेपर्यंत दाखवायला काही उरत नाही.

खरं तर हे १९८७ पासून डोळ्यांसमोर आहे. ब्योर्कमन वगैरे संशोधक मंडळींनी एक्स-रेनं ए२ ची रचना काढली तेव्हा खाचेत इलेक्ट्रॉन घनतेचा एक न ओळखता येणारा ढग दिसला होता. ती पेप्टाइड्सच होती, शुद्धीकरणाच्या सगळ्या पायऱ्यांतून न सुटता आलेली.

प्लॉट गाइडना दाखवला. ते म्हणाले, "कायनेटिक्स (सुटण्याचा वेग) कोणी विचारत नाही." पेपर पाठवल्यावर पहिल्याच रिव्ह्यूअरनं तेच विचारलं.

आता, नुसत्या टिकण्यानंही भागत नाही हे कबूल. 'ब'ला सगळ्या डोनरांनी दाद दिली नाही. ते पेप्टाइड ओळखणारा रिसेप्टरच त्यांच्या टी पेशींवर नसेल तर काय करणार? आणि हे सगळं क्लास १ एमएचसीबद्दल, ए२ त्यातलाच. क्लास २ ची खाच दोन्ही टोकांना उघडी, पेप्टाइड्स लांब, निवडानिवड एचएलए-डीएम नावाचा मदतनीस रेणू करतो. तिथे माझा प्रोटोकॉल चालवू नका.

पण संगणकी प्रेडिक्शनमधली वरची दहा पेप्टाइड्स मागवणार असाल तर ऑफ-रेट (पेप्टाइड सुटण्याचा वेग) मोजाच. गाइड नको म्हणाले तर रात्री मोजा.