"पाणी पिलास का" विचारणं बंद करा

थंडी पडली की, मुलं बाहेरदेशी असलेल्या आईवडिलांची एकच तक्रार माझ्याकडं येते, पोरं पाणी पीत नाहीत. मागं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एक काकू आल्या, मुलगा अमेरिकेत मिनेसोटात. "मॅडम, गोठलेल्या तळ्याला भोक पाडून दिवसभर मासे धरत बसतंय आणि पाणी म्हणून पीत नाही. संध्याकाळी डोकं दुखालंय म्हणतंय."

काळजी खोटी नव्हती. थंडीत कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत सरकतं, शरीराला वाटतं पाणी भरपूर आहे, मग तहान लागत नाही आणि लघवी मात्र जास्त होते. कोरड्या हवेत श्वासातून वाफ जाते ती वेगळीच, आणि भोक पाडताना जाड जॅकेटच्या आत घाम येतो तो कुणाला दिसत पण नाही.

पण हे पोराला माहीत होतंच की, गुगल त्याच्याकडंही आहे.

"फोनवर काय विचारता?"
"पाणी पिलास का?"
"मग?"
"हो म्हणतो."

शाळेत हजेरीला म्हणावं तसं हो. माझं पहिल्यापासून मत आहे की माणूस एखादी गोष्ट टाळतो त्याला त्याच्यापुरतं कारण असतं, ते सापडेपर्यंत सल्ला देऊ नये. काही जण लगेच किती पाणी पिलं याचा चार्ट भरायला देतात, मी नाही देत. म्हटलं, काकू, पाण्याचं नावच काढू नका, तिथं लघवीला कुठं जातोस एवढंच विचारा. "अहो, पोराला असलं काय विचारायचं!"

पुढच्या वेळी हसतच आल्या. पोरगं आधी फिदीफिदी हसलं आणि मग कितीतरी वेळ बोलत बसलं, थरावर थर कपडे, वर खांद्यावरून पट्टे घेतलेली पँट, हातमोजे काढले की बोटं बधिर, म्हणून सकाळपासून मुद्दामच पीत नव्हतं.

कारण बोलून झाल्यावर उपाय त्यानंच काढला. पटकन उघडता येणारी पँट, थर्मासमध्ये कोमट पाणी, अधूनमधून दोन घोट. साधी बाटली असली तर उलटी ठेवायची, बर्फ वरच्या बाजूनं धरतो त्यामुळं तोंड मोकळं राहतं. बर्फ चघळायचा नाही, तो वितळवण्यात अंगातली ऊब जाते. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडलं समजायचं. (पहाटे रंकाळ्यावर फिरायला जाणारे आजोबाही लघवीला कुठं जायचं म्हणूनच पाणी टाळतात, त्यांनाही विचारून बघा.)

आता काकूंचा नवा प्रश्न, तिथले मित्र थंडीला ब्रँडी घेतात, चालतंय का? दारूनं कातडीकडं रक्त धावतं, गरम वाटतं, पण ऊब बाहेर जाते. एवढं सांगितलं आणि म्हटलं, हे त्याला ऐकवू नका, तुला काय वाटतं ते आधी विचारा.