ड्राफ्टमध्ये नाव येईल का?

"मॅडम, चान्स किती आहे तेवढं सांगा."

आईवडिलांच्या तोंडून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकते की हल्ली त्यांनी तोंड उघडायच्या आधीच तो येणार हे कळतं. मुलगी यूपीएससीच्या तिसऱ्या प्रयत्नाला बसलेली असते, मुलगा रणजीच्या संभाव्य यादीत येऊन अडकलेला असतो, कुणाला पूर्णवेळ तबलाच वाजवायचा असतो. गेल्या काही वर्षांत परदेशातली मराठी घरंही ऑनलाइन येऊ लागली. खेळ वेगळा, पैसा वेगळा, प्रश्न तोच. त्यातलंच एक घर इथे सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि दोन-तीन घरांतलं एकात मिसळलंय.

न्यू जर्सीतलं कुटुंब. वडील मूळचे नागपूरचे, सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडत विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघापर्यंत गेलेले, आता विमा कंपनीत जोखमीचे हिशोब करतात. आई अकाउंटंट. मुलगा बावीस वर्षांचा, डिव्हिजन वनमधल्या, म्हणजे अमेरिकी कॉलेज-खेळांच्या सगळ्यात वरच्या गटातल्या, एका लहान कॉलेजचा पॉइंट गार्ड, शेवटच्या वर्षाला. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणणारा, कोणी कुठे पळायचं ते ठरवणारा. मुलाची झोप उडाली होती, सामन्याआधी उलट्या व्हायच्या. पण फोन केला वडिलांनी, आणि विचारलं काय, तर एनबीएच्या ड्राफ्टमध्ये नाव यायचा चान्स किती. एनबीए म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात मोठी बास्केटबॉल लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी दर वर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं.

पहिल्याच भेटीत त्यांनी स्क्रीनवर एक एक्सेल शीट उघडलं. मुलाच्या चारही वर्षांचे सगळे सामने त्यात होते. शेवटच्या वर्षी सरासरी चौदा गुण, सहाच्या आसपास असिस्ट, दोनच्या आसपास टर्नओव्हर. म्हणजे चेंडू एकदा गमावायचा, तोवर तीनदा दुसऱ्याकडून बास्केट करून घ्यायची. हे प्रमाण खरंच चांगलं आहे. शीटच्या शेवटच्या पानावर नावं होती. फ्रेड व्हॅनव्लीट, 2016 मध्ये कुणीच निवडला नाही, 2019 मध्ये टोरंटोकडून विजेता. जेरेमी लिन, हार्वर्डचा, 2010 मध्ये तोही निवडला गेला नाही, आणि 2012 मध्ये न्यूयॉर्कने त्याला डोक्यावर घेतलं. आयझेया थॉमस, पावणेसहा फूट उंची, 2011 मध्ये साठावा, म्हणजे अगदी शेवटचा.

"आणि एनबीएच्या सॅक्रॅमेंटो किंग्ज संघाचे मालक विवेक रणदिवे मुंबईचे आहेत. भारतीय वंशाच्या सिम भुल्लरला 2015 मध्ये त्यांच्याच टीमने खेळवलं होतं."

"रणदिवे तुमच्या ओळखीतले का?"

"नाही हो." आणि ते हसले. त्या तासात पहिल्यांदाच.

मग मी विचारलं, "ही फाइल दुसऱ्या कुणाच्या मुलाची असती आणि तुमच्या ऑफिसात टेबलावर आली असती, तर काय आकडा लिहिला असता?"

बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. "एक टक्कासुद्धा नाही," ते म्हणाले.

तर आकडा त्यांना ठाऊक होता. तो काही गुपितही नाही. ड्राफ्टमध्ये तीस संघ, दोन फेऱ्या, म्हणजे साठ जागा; कधी कुणा संघाची जागा दंड म्हणून जाते, 2022 ते 2024 या तिन्ही वर्षी अठ्ठावन्नच निवडले गेले. त्यातही काही जागा युरोप-ऑस्ट्रेलियाची मुलं घेतात. समोर एकट्या डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेहून जास्त कॉलेजं, आणि प्रत्येकात दोन-तीन पॉइंट गार्ड. कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणारी एनसीएए स्वतःच सांगते, की निवडीला पात्र असलेल्या शंभर खेळाडूंत जेमतेम एकाचं नाव पुकारलं जातं.

मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या वाटेने काम करते. महाराष्ट्रात ही वाट कि. मो. फडके सरांनी रुजवली. माणूस घाबरतो तो नुसत्या घटनेला नाही, त्या घटनेचा त्याने जो अर्थ लावलेला असतो त्याला, एवढं धरून मी चालते. बालपण खणत बसायला माझ्याकडे वेळ नसतो, आणि खरं सांगायचं तर फारशी गरजही पडत नाही. इथे एका टक्क्याला कुणी घाबरलेलं नव्हतंच. मग कशाला?

पुढच्या भेटीला मुलगा एकटा. मराठी छान बोलतो, मधेच अडला की इंग्रजीत उडी. मी त्याला म्हटलं, "मला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही. एखाद्या संघाचा खेळाडू हेरणारा स्काउट तुझ्याबद्दल वरिष्ठांना काय लिहून पाठवेल ते सांग."

मला वाटलं होतं, तो भरकटेल. तो एकदम सरळ बसला आणि पाठ असल्यासारखं बोलत सुटला. बूट काढून उंची सहा फुटांना थोडी कमी. हातांचा पल्ला उंचीपेक्षा फक्त इंचभर जास्त, गार्डला तो चार-पाच इंच जास्त असेल तर लहान उंची खपून जाते. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा बिनअडथळ्याचा नेम, चौऱ्याऐंशी टक्के, म्हणजे हात चांगला आहे. दूरचा नेम पुढे सुधारेल की नाही हे स्काउट फ्री थ्रोवरूनच ओळखतात. पण कॉलेजची तीन गुणांची रेषा बावीस फुटांच्या जरा पुढे, एनबीएची समोरून पावणेचोवीस फुटांवर. कॉलेजात डाव रचायला तीस सेकंद, तिथे चोवीस. वय बावीस. "एकोणीसची मुलं असतात ना मावशी, त्यांच्यावर पैसे लावतात. मी त्यांच्यासाठी म्हातारा." आणि बचावात अडचण: समोरचा संघ मुद्दाम अशी अदलाबदल घडवून आणतो की सगळ्यात बुटक्या गार्डसमोर त्यांचा धिप्पाड खेळाडू येतो, मग चेंडू त्यालाच.

"बाबाच्या शीटमध्ये मी बॉल घेऊन काय करतो ते आहे," तो म्हणाला. "एनबीएमध्ये बॉल माझ्याकडे नसणारच. तो स्टारकडे असेल. ते बघतात की बॉल नसताना मी काय कामाचा."

इतकं स्वच्छ मूल्यमापन मी मोठ्यांकडूनही क्वचित ऐकलंय. दोन वेळा विजेतेपद मिळवलेला, 2018 मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरलेला जेलन ब्रन्सनसुद्धा त्याच वर्षी दुसऱ्या फेरीत, तेहेतिसावा गेला, हेही त्यानेच मला सांगितलं. मी विचारलं, "मग तुझा आकडा?"

"ड्राफ्टचा? झीरो. म्हणजे झीरो पॉइंट काहीतरी."

आवाजात कापरं नव्हतं. ज्या मुलाला सामन्याआधी उलट्या होतात, तो हे शांतपणे सांगत होता. अशा वेळी मी पुढचा प्रश्न घाईने विचारत नाही. थोड्या वेळाने वडिलांची यादी काढली आणि म्हटलं, "व्हॅनव्लीट 2016 चा. त्या वर्षी निवडले न गेलेले आणखी तीन गार्ड सांग."

हा प्रश्न मी घाऊक वापरते. यशस्वी नटांची उदाहरणं देणाऱ्या आईलाही हाच विचारते. उत्तर बहुधा येत नाही, आणि त्या न येण्यातूनच पुढचं बोलणं सुरू होतं. इथे मात्र आलं. 2016 ची नावं त्याला आठवेनात, पण तो म्हणाला, "आमच्याच कॉलेजचे सांगू?" आणि त्याने सांगितले. एक जण शाळेत गणित शिकवतो आणि संध्याकाळी मुलांना कोचिंग करतो. एकाने दोन वर्षं जी लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमध्ये, काढली, मग सोडलं. एक जर्मनीत खालच्या लीगमध्ये खेळतोय, क्लबने फ्लॅट दिलाय, एक छोटी गाडी दिलीय. त्या तिसऱ्याबद्दल बोलताना त्याचा चेहरा उजळला. सामन्याला गावातली दोनेक हजार माणसं येतात, दुकानदार त्याला नावाने ओळखतात, सोमवारी सुट्टी असते, पगार कधी येतो हे सगळं त्याला माहीत होतं.

"त्याच्याशी बोलतोस वाटतं?"

"रोज." आणि मग खाली बघून, "त्याच्या एजंटशीपण बोललो. बाबाला माहीत नाही."

गाठ इथे होती. वर्षानुवर्षं वडील सुट्ट्या जाळून त्याला व्हॅनमधून पेनसिल्व्हेनिया-व्हर्जिनियाच्या स्पर्धांना नेत होते. मुलाच्या डोक्यात त्याचा हिशोब असा होता, की ड्राफ्ट झाला तर ते फिटतं, नाही झाला तर बाबाचं आयुष्य फुकट गेलं. जर्मनीचं नाव काढणं म्हणजे त्याला बाबाला दिवाळखोर जाहीर केल्यासारखं वाटत होतं. आणि वडील? पुढच्या भेटीत त्यांनी जे सांगितलं ते जवळजवळ याच्या जोडीचं होतं. "मीच आशा सोडली हे त्याला कळलं तर तो कोसळेल."

दोघांनाही आकडा माहीत होता, आणि दोघंही तो एकमेकांपासून लपवत होते. उलट्या त्या लपवण्याच्या होत्या.

तिघांना एकत्र बसवलं. मी फारसं बोलले नाही, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं असं आता म्हणायला हरकत नाही. मुलाला फक्त म्हटलं, "स्काउटचा रिपोर्ट बाबांना वाचून दाखव." त्याने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. वडिलांनी मधे दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "फ्री थ्रोचं मी शीटमध्ये धरलंच नव्हतं." मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. आणि मग, "तुला खेळायचंय का अजून?"

"हो. खेळायचंच आहे."

"मग झालं तर."

आई तोवर गप्प होती. तिने विचारलं, "जर्मनीत म्हणजे नक्की कुठे?"

मला विचाराल तर चान्स विचारण्यात काहीच गैर नाही. आकडा माहीत असावाच, आणि तो ज्याचा त्या उत्तरात फायदा नाही अशा माणसाकडून घ्यावा. कॉलेजच्या कोचला मुलगा आपल्याकडे राहायला हवा असतो, एजंटला आपल्याकडे यायला हवा असतो, लहानपणीच्या क्लबच्या कोचला भिंतीवर फोटो लावायचा असतो. ज्यांची कॉलेजची वर्षं शिल्लक आहेत त्यांना एनबीए आपल्या समितीमार्फत कच्चा अंदाज देते, आणि ड्राफ्टला नाव देऊनही ठरलेल्या मुदतीत मागे घेता येतं. शेवटच्या वर्षाच्या मुलाला नाव द्यावंच लागत नाही, तो आपोआप पात्र असतो. त्याच्यासाठी खऱ्या खुणा वेगळ्या: एप्रिलमध्ये व्हर्जिनियात पोर्ट्समथला शेवटच्या वर्षाच्या चौसष्ट मुलांची स्पर्धा होते, तिथे बोलावणं येतं का; मे महिन्यात शिकागोच्या कंबाइनला, म्हणजे एनबीएच्या मोजमाप-चाचण्यांच्या शिबिराला, येतं का; एखादा संघ खासगी चाचणीला बोलावतो का. यातलं काहीच आलं नाही, तर उत्तर मिळालेलं आहे, जूनची वाट बघायची गरज नाही.

आणखी एक. ड्राफ्ट ही दोन रात्रींची गोष्ट आहे, तिला करिअर समजू नका. सतनाम सिंग 2015 मध्ये बावन्नावा निवडला गेला, भारतात जन्मलेला पहिला. एनबीएचा एकही सामना तो खेळला नाही. पुढे कुस्तीच्या रिंगणात गेला. पहिल्या फेरीतल्याला दोन वर्षांच्या पगाराची हमी असते, दुसऱ्या फेरीत तशी हमी नसते. उलट न निवडलेल्यांनाही टू-वे करार मिळू शकतो: एका संघात असे तीन, बराचसा काळ जी लीगमध्ये, थोडा वर. तीस संघांचे मिळून नव्वद. त्या दारावर हा मुलगाही टकटक करू शकतो, आणि उन्हाळ्यात करून बघणार होता.

पालकांना मी एवढंच करायला लावते: घरात कुणी कुणासाठी आशा धरून बसलंय ते मोठ्याने बोला. "तू नाही जमवलंस तरी आम्ही इथेच आहोत" हे वाक्य माझ्या अनुभवात फार उपयोगाचं नाही, त्यात 'नाही जमवलंस' एवढंच मुलाला ऐकू जातं. त्यापेक्षा त्याच्या दुसऱ्या पर्यायाबद्दल खरोखरची उत्सुकता दाखवा. तिथे काय खातात, सराव किती वाजता, पहिला पगार कधी. उत्सुकतेचं सोंग मुलांना लगेच कळतं, म्हणून आधी स्वतः माहिती काढा.

ड्राफ्टमध्ये त्याचं नाव आलं नाही. ऑगस्टमध्ये तो जर्मनीला गेला. जाण्याआधी कराराचा मसुदा आला तो आईने हातात घेतला, आणि मी त्या घरात इतक्या उत्साहाने कुणाला बोलताना ऐकलं नव्हतं. पगाराचा आकडा कर कापून आहे की कापण्याआधीचा? हंगाम दहा महिन्यांचा म्हणता, मग उरलेल्या दोन महिन्यांचा आरोग्य विमा कोण भरणार? गुडघा गेला तर करार चालू राहतो की संपतो? पगार थकला तर तक्रार फीबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या, लवादाकडे नेता येईल असं कलम आहे का? ते नव्हतं. तिने एजंटला लिहून ते घालायला लावलं, मगच पोराला सही करू दिली.