लॉस एंजेलिसमध्ये रात्री उशिरा टाको ट्रकवर खाणं सुरक्षित आहे का? शाकाहारी माणसाला काय मिळतं?

खा, बिनधास्त खा. एल.ए.मध्ये येऊन रात्री अकरानंतर टाको ट्रकवर न खाता परत जायचं असेल तर या शहराचं खरं जेवण राहूनच गेलं असं मी म्हणेन. टाको म्हणजे तॉर्तियात, म्हणजे मक्याच्या लहान पातळ भाकरीत, मांस किंवा भाजी घालून केलेला मेक्सिकन पदार्थ.

"सुरक्षित" हा शब्द वाचला म्हणून लिहायला बसलो, कारण याच शब्दावरून माझं आणि माझ्या साडूंचं वाजलेलं आहे. सासरे (मी त्यांना मामा म्हणतो) भारतातून आले होते. रिटायर्ड एसटी ड्रायव्हर, मूळचे नंदुरबारकडचे. विमान लेट, विमानातलं जेवण त्यांना गेलंच नाही, एअरपोर्टवरून निघेपर्यंत मध्यरात्र होत आली होती. साडूंचा फोनवर आग्रह की घरी फ्रीजमध्ये बिर्याणी आहे, सरळ इकडे आणा. मी म्हटलं मामांना भूक आत्ता लागलीय, आणि व्हेनिस बुलेव्हार्डच्या बाजूला एका पेट्रोल पंपाच्या आवारात ट्रक उभा असतो तिथे गाडी लावली. पन्नासेक माणसं रांगेत, कामावरून सुटलेले, हॉस्पिटलचा युनिफॉर्म घातलेल्या बायका, लहान पोरं सुद्धा. बाहेर त्रोम्पो फिरत होता, म्हणजे उभ्या सळईवर रचलेलं मसालेदार मांस, शोर्मासारखंच, कारण ती पद्धत मेक्सिकोत लेबनॉनहून आलेल्या लोकांनीच नेली आणि तिथे मग मटणाच्या जागी डुक्कर आलं. तो कापणारा मुलगा सुरीच्या एका फटक्यात वरच्या अननसाची चकती उडवून टाकोवर झेलत होता आणि मामा जेटलॅग विसरून नुसते त्याचे हात बघत उभे राहिले.

ते डुक्कर आणि बीफ खात नाहीत म्हणून पॉयो, म्हणजे चिकन घेतलं. पहिला घास खाल्ला आणि म्हणाले, "जावईबापू, ही तर मक्याची भाकर." मी सांगितलं की हे लोक मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर ठेवतात, मग दळतात. त्यांनी तॉर्तिया परत हुंगून बघितली, म्हणाले म्हणून हा वास वेगळा. मग तव्यावर परतलेल्या मिरच्या मागून घेतल्या, लाल साल्सा म्हणजे तिखट चटणी घेतली, वर लिंबू, मुळ्याच्या चकत्या, उभ्या उभ्या पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी साडूंनी पूर्ण नातेवाईकांत सांगितलं की बाबांना रस्त्यावर जेवायला घातलं. मामांचं पोट ठणठणीत होतं, तरी तेच चालू. मला राग याचा आहे की हाच माणूस मॉलमध्ये टाकोच्या एका प्लेटला वीस डॉलर मोजतो आणि तिथल्या किचनमध्ये कधी डोकावत नाही. ट्रकवर तुमच्या डोळ्यासमोर भाजतात, माल सारखा संपतो आणि नवा चढतो, आणि लायसन्सवाल्या ट्रकला काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याची तपासणी असते, खिडकीजवळ ए, बी, सी ग्रेडचं कार्ड लावलेलं असतं. ते वाचा की.

आणि ट्रकवाल्यांना हा त्रास नवा नाही. १९७४ मध्ये राऊल मार्टिनेझने जुना आइस्क्रीमचा ट्रक घेऊन ईस्ट एल.ए.त एका बारबाहेर टाको विकायला सुरुवात केली, त्यातून किंग टाको ही रेस्टॉरंटची साखळी उभी राहिली. तरी २००८ मध्ये काउंटीने नियम केला की त्यांच्या हद्दीत ट्रक एका जागी तासाभराहून जास्त थांबला तर गुन्हा, हजार डॉलर दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद! लोकांनी "कार्ने असादा (भाजलेलं बीफ) हा गुन्हा नाही" म्हणत मोहीम काढली आणि त्याच वर्षी कोर्टाने नियम उडवला. कष्टाने रात्र जागवून शहराला जेवू घालणाऱ्यांना "घाण" म्हणायचं हे मला सहन होत नाही, साडू असोत की काउंटी.

हां, शाकाहारी. खरं सांगायचं तर कठीण आहे. चीज केसाडिया (चीज घालून दुमडून भाजलेली तॉर्तिया) किंवा बीन्सचा बरिटो (बीन्स भरून गुंडाळलेली मोठी तॉर्तिया) मिळेल, पण बीन्समध्ये बऱ्याचदा डुकराची चरबी असते, "मांतेका?" असं विचारा. नोपालेस म्हणजे निवडुंगाची भाजी दिसली तर जरूर घ्या. मात्र तवा एकच असतो, तो चालत नसेल तर ट्रक तुमच्यासाठी नाही. मांस खाणाऱ्यांसाठी: असादा आणि सुआदेरो बीफ; पास्तोर (तेच त्रोम्पोवरचं), कार्नितास, बुचे डुक्कर; लेंग्वा म्हणजे बीफची जीभ. न विचारता बोट दाखवू नका. कॅश जवळ ठेवा.

सगळेच ट्रक चांगले असतात असंही नाही. गिऱ्हाईक नाही, मांस कोमट पडलंय, साल्सा बर्फाशिवाय उघडी ठेवलीय असं दिसलं तर गाडी पुढे घ्या, थोड्या अंतरावर दुसरा असतोच.