दरडींचे प्रारूप जिल्हा प्रशासनापुढे कसे मांडावे?

आपण विचारले आहे की, रायगड जिल्ह्यातील एका तालुक्यासाठी केलेल्या दरड-संवेदनशीलतेच्या प्रारूपाचा, म्हणजे कोणता उतार कोसळण्याजोगा आहे याचा अंदाज देणाऱ्या संगणकीय मॉडेलचा, एयूसी (दरडीच्या व बिगर-दरडीच्या जागा ते किती चांगल्या वेगळ्या करते याचे माप; १ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे निव्वळ नशीब) ०.९१ आला असून ते प्रारूप जिल्हा प्रशासनापुढे कसे मांडावे. माझे स्पष्ट मत असे की, तो आकडा बैठकीत नेऊच नये.

समजा, नकाशात १०,००० चौकटी आहेत आणि आजवर त्यांपैकी २० चौकटींत दरडी कोसळल्या आहेत. प्रारूपाने १,००० चौकटी लाल दाखवल्या व २० पैकी १८ दरडी त्यांत आल्या, तर अभ्यासकाच्या दृष्टीने ते चांगले काम आहे. परंतु प्रांताधिकाऱ्यांना दिसतात त्या काहीही न घडलेल्या ९८२ चौकटी. एवढ्या ठिकाणची माणसे हलवणे अशक्य असल्यामुळे असा नकाशा कपाटात जातो. शिवाय उतार कोसळण्याजोगा आहे एवढेच संवेदनशीलता सांगते. तो कधी कोसळेल आणि खाली कोण राहते, हे ती सांगत नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. ते उत्तर मला आजही अस्वस्थ करते, कारण यादी तयार झाली की ‘यादीत नाही’ याचा अर्थ ‘सुरक्षित’ असा आपोआप लावला जातो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे राष्ट्रीय संवेदनशीलता नकाशे १:५०,००० प्रमाणावर आहेत, म्हणजे नकाशावरील एक मिलिमीटर हा जमिनीवरील ५० मीटर असतो आणि चाळीस-पन्नास घरांची वाडी त्यावर काही मिलिमीटरांत संपते. म्हणून ‘धोका कमी’ आणि ‘पाहणी झालेली नाही’ यांना नकाशात वेगळे रंग द्या. वाडी ज्या उतारावर वसली आहे तेवढाच पाहून थांबू नका. वरून सुटलेला मुरूम आणि दगड कुठवर वाहत येतील, तेही दाखवा.

अधिकाऱ्यांच्या हाती प्रत्येक वाडीमागे एक पान द्यावे: घरे किती, माणसे किती, कोणत्या पर्जन्यमापकावर किती पाऊस झाल्यावर हलवायचे, कोठे आणि कोणी. पावसाची मर्यादा आपण एकच ठरवून देऊ नये. तीन मर्यादा घ्याव्यात आणि प्रत्येकीसाठी, गेल्या पंधरा पावसाळ्यांत माणसे किती वेळा हलवावी लागली असती व किती दरडी तरीही निसटल्या असत्या, हे शेजारी शेजारी मांडावे. किती वेळा विनाकारण हलवणे परवडेल, हा निर्णय प्रशासनाचा आणि गावकऱ्यांचा आहे. इर्शाळवाडीला वाहनाचा रस्ता नव्हता. अशा वाडीसाठी रात्रीच्या पावसाचा निर्णय संध्याकाळीच व्हायला हवा. जमिनीला भेगा पडल्या किंवा झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, तर पावसाचा आकडा न पाहता माणसे हलवण्याचा अधिकार पोलीस पाटलांना असावा, ही मागणी आपण त्याच बैठकीत करावी.

बैठकीपूर्वी एक गोष्ट मात्र अवश्य तपासा. आपली दरडींची नोंद मुख्यतः रस्त्यांवरील मलबा हटवल्याच्या नोंदींतून आली असेल, तर प्रारूप दरडी शिकण्याऐवजी रस्ते शिकलेले असेल, आणि ज्या वाड्यांना रस्ताच नाही त्या आपल्या नकाशात हिरव्या दिसत असतील.