फोटोग्राफीच्या छंदात आजवर कोणते कॅमेरे वापरले? सगळ्यात जवळचा कोणता?

कॅमेरे बदलत गेले, पण जवळचं काय म्हणाल तर कॅमेऱ्याआधी मी एका लेन्सचं नाव घेईन. निकॉनची ५० मिमी एफ/१.८, मॅन्युअल फोकस, म्हणजे फोकस हाताने रिंग फिरवून करायचा. माझ्या पहिल्या एसएलआरवर (लेन्समधूनच दृश्य दाखवणारा कॅमेरा), निकॉन एफएम२वर, ती होती आणि आजही वापरात आहे.

एफएम२ आला १९८२ साली. शटर पूर्ण यांत्रिक, थेट १/४००० सेकंदापर्यंत. बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला. रोल पुढे ढकलायचा खटका थोडा बाहेर ओढून शटरचं बटण अर्धं दाबलं की व्ह्यूफाइंडरमध्ये लाल दिवे लागतात: अधिक, शून्य, उणे, म्हणजे प्रकाश जास्त, बरोबर, कमी. शून्य पेटेपर्यंत, लेन्समधून येणारा प्रकाश कमी-जास्त करणारी अ‍ॅपर्चरची रिंग टक-टक करत फिरवायची. काही काळाने दिव्यांकडे पाहण्याआधीच बोटं बरोबर जागी जायला लागली. प्रकाश वाचायला मी त्या रिंगवर शिकले.

फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीवर, डार्करूमवर तर मी तासन्‌तास बोलू शकते. मला सर्वांत आवडायची ती टेस्ट स्ट्रिप. एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) फोटोच्या कागदाची पट्टी ठेवायची, पुठ्ठ्याने झाकत दर पाच सेकंदांनी थोडी थोडी उघडायची आणि डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, सोडायची. फिकट करड्यापासून काळ्याकुट्टापर्यंत पायऱ्या उमटतात. त्यातली नेमकी पायरी निवडणं म्हणजे त्या फोटोत आपल्याला काय दाखवायचंय हे ठरवणं!

मग डिजिटल आलं. निकॉनच्या डी७० (२००४, ६ मेगापिक्सेल) वर ही जुनी लेन्स बसायची, कारण निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची जागा, १९५९ पासून तोच आहे. पण मीटर चालायचा नाही. मग लख्ख उन्हाचा जुना नियम: छिद्र बारीक, एफ/१६; आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, २००; शटर साधारण १/२०० सेकंद. तिथून सावलीप्रमाणे अंदाज. डी७०चा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, त्यामुळे दृश्य ७५ मिमीसारखं आवळून येतं. चेहऱ्यांसाठी मला ते फार भावलं. पुढे फुल फ्रेम, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा, डी७०० घेतला. त्यात मेन्यूमध्ये लेन्सची फोकल लेंग्थ (इथे ५० मिमी) आणि अ‍ॅपर्चर भरलं की मीटरही चालू. आता निकॉनच्याच झेड६वर, त्याचा माउंट वेगळा असल्याने, ती अ‍ॅडॉप्टर लावून वापरते. फोकस पीकिंगमुळे (स्पष्ट दिसणाऱ्या कडा रंगाने दाखवण्याची सोय) डोळ्यांवरचा ताण खूप कमी झालाय.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, बॉडी जुनी चालेल, पैसे लेन्सवर घाला. जुनी मॅन्युअल लेन्स घेताना ती एफ/१६ला आणून आतली पाती बघा. त्यांवर तेल आलेलं नको. मग एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आणि तिने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर साफ करूनही डाग जात नाही. फोकसची रिंग मात्र थोडी जड फिरत असेल तर घाबरू नका. आतलं ग्रीस बदललं की बहुतेक वेळा ती पुन्हा सुरळीत फिरते.